गर्भावस्थेतील कोरोनासंसर्ग (वऱ्हाड)

सार्स-कोव्ह-२ या विषाणूचा गर्भवतीस होणारा संसर्ग. २०२१ च्या फेब्रुवारीत कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात प्रथम अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यात उसळली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर येथे टाळेबंदी लागली. पुढे डेल्टा म्हणून ओळखला गेलेला विषाणूगट याच काळात विदर्भात पसरत होता.

बहुतेक गर्भवतींना सौम्य आजार होतो. पण शेवटच्या तिमाहीत धोका वाढतो. वाढलेले गर्भाशय श्वासपटल वर ढकलते, प्राणवायूची गरज वाढलेली असते आणि गर्भारपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच अधिक असते. त्यामुळे अतिदक्षता विभागात दाखल होण्याची व मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता वाढते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘प्रेगकोविड’ अभ्यासात बाधित गर्भवती व बाळंतिणींमधील मृत्युदर पहिल्या लाटेत ०.७ टक्के होता, तो दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के झाला. आठपट वाढीचा हा आकडा आजही अस्वस्थ करतो.

अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय, म्हणजे लोकांचे ‘डफरीन’, हा परिसरातील बाळंतपणाचा मोठा आधार. मेळघाटातील धारणीहून तिथे पोचायचे तर घाटाची लांब वाट. श्वास लागलेल्या गर्भवतीसाठी हे अंतर आजाराइतकेच घातक. म्हणून आशा सेविकेकडील ऑक्सिमीटर आणि वेळीच मिळालेली रुग्णवाहिका यांचे मोल इथे फार मोठे.

केंद्राने गर्भवतींच्या लसीकरणास २ जुलै २०२१ रोजी मान्यता दिली, तोवर दुसरी लाट ओसरत आली होती. बाधित मातेने मुखपट्टी लावून, हात धुऊन स्तनपान चालू ठेवावे, असा वैद्यकीय सल्ला आहे.