फ्रँकलिन यांची चाळिशी

मराठीत वयालाही चाळिशी म्हणतात आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यालाही. डोळ्यातील भिंगाचा लवचीकपणा वयाबरोबर कमी होतो, जवळचे पाहताना ते पुरेसे फुगत नाही आणि वर्तमानपत्र धरलेला हात लांब लांब जाऊ लागतो. यावर बहिर्वक्र भिंगाचा उपाय इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस निघाला. पण ज्याला दूरचेही नीट दिसत नाही त्याने काय करावे? दोन चष्मे बाळगावेत!

ही अदलाबदल बेंजामिन फ्रँकलिन यांना जाचू लागली. २३ मे १७८५ रोजी, ७९ वर्षांचे असताना, पॅरिसजवळच्या पासीहून जॉर्ज व्हॉटली या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला उपाय आकृतीसह कळवला. दोन्ही भिंगे अर्धी कापून एकाच कड्यात बसवायची. वर दूरचे, खाली जवळचे. हाच आपला बायफोकल. तो सर्वांत आधी त्यांनीच केला का, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. आम्हाला त्या पत्रातील कारण अधिक मोलाचे वाटते. जेवताना ताटातले दिसावे असा चष्मा लावला, तर मेजापलीकडच्या माणसांचे चेहरे नीट दिसत नसत. परकी भाषा कानाला पुरती उमगत नसेल, तेव्हा बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच बराच उलगडा होतो. नव्या चष्म्यामुळे त्यांना फ्रेंच अधिक समजू लागले!

पुढच्या वर्षी, फिलाडेल्फियाला परतल्यावर, उंच फळीवरची पुस्तके काढण्यासाठी त्यांनी 'लांब हात' तयार केला. लाकडी काठी, टोकाला अंगठा आणि बोट, ती आवळायला दोरी. म्हाताऱ्यांना शिडीवर घेरी येते आणि सांधे पूर्वीसारखे खंबीर राहत नाहीत, असे कारणही त्यांनी नोंदवले.

नेमक्या पायऱ्यांवरच बायफोकल दगा देतो. जिना उतरताना नजर खालच्या अर्ध्या भागातून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ यांची क्रमाक्रमाने शक्ती बदलणारी भिंगे बाजारात आली. मधली रेघ गेली, पण खालचा भाग जवळचाच राहिला. म्हणून पायऱ्यांच्या कडांवर ठळक रंगाचा पट्टा ओढतात. तो कशासाठी हे विद्यार्थ्यांना समजावायचे असेल, तर एखाद्या शिक्षकाची चाळिशी त्यांच्या डोळ्यांवर चढवावी आणि वर्गात, सपाट जमिनीवर उभे राहून, स्वतःच्या पावलांकडे पाहायला सांगावे.