अश्वशक्ती आणि लगाम : अमेरिकन 'मसल कार'च्या शॉकअपची गोष्ट

गेल्या वर्षी मंडळाची मूर्ती आणायला जो टेम्पो ठरवला होता, त्यात मागे आम्हीही उभे होतो. प्रत्येक स्पीडब्रेकरनंतर तो टेम्पो एकदा उसळून शांत होत नव्हता, चार-चार वेळा मान डोलवत होता. मंडळाची पोरे मूर्तीला चहूबाजूंनी हात लावून उभी होती. एका सिग्नलला खाली उतरून वाकून पाहिले, तर मागच्या शॉकअपच्या अंगावरून तेलाचा काळा ओघळ आलेला. चालकाला म्हटले, "भाई, शॉकअप गेलाय. पायी चाललो आहोत असं समजून गाडी हाक." मूर्ती सुखरूप आली. पण त्या दिवशी अनेकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला : एवढ्याशा नळीत असते तरी काय?

आम्ही सरकारी नोकर. वाहनांच्या देखभालीशी रोजचा संबंध आणि जवळ मेकॅनिकलचा डिप्लोमा, एवढीच आमची पात्रता. तरीही हा प्रश्न मनात राहिला, कारण त्याच सुमारास थोरल्या ताईचा मुलगा अमेरिकेतून फोन करून हेच विचारत होता. तो डेट्रॉइटजवळ राहतो. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांकडून त्याने १९६६ सालची पॉन्टिॲक जीटीओ विकत घेतली होती. 'ही गाडी काचेच्या कपाटात ठेवू नकोस, चालव,' एवढीच त्या गृहस्थांची अट. भाच्याने पहिल्या वर्षी सगळा पैसा इंजिनावर घातला. मग म्हणाला, "मामा, आता शॉकअप बदलायचेत. कोणते घेऊ?" त्याला उत्तर देण्यासाठी आम्हाला थोडा इतिहास चाळावा लागला. तोच या लेखात सांगत आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. शॉकअप धक्का झेलत नाही. धक्का झेलते ती स्प्रिंग, मग ती गुंडाळीची असो वा पाट्यांची. पण स्प्रिंगचा स्वभाव असा, की दाबली की सुटते आणि सुटली की पुन्हा दबते. तिला आवरणारे कोणी नसेल तर एका खड्ड्यापायी गाडी लांबवर झुलत राहते. तसे झुलताना चाकाचा रस्त्यावरचा भार कमी-जास्त होतो. भार कमी झाला की पकड सुटते. मग ब्रेकही नीट लागत नाही आणि स्टिअरिंगही ऐकत नाही. शॉकअपच्या नळीत तेल असते आणि त्यात बारीक छिद्रांचा दट्ट्या फिरतो. छिद्रांतून तेल ढकलताना झुलण्याची शक्ती उष्णतेत बदलते आणि स्प्रिंग शांत होते. इंग्लंडमध्ये याला 'डँपर' म्हणतात, आणि ते नाव अधिक खरे आहे.

हे सारे मोटारीबरोबर जन्माला आलेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधल्या त्रुफो यांनी कात्रीसारख्या दोन दांड्या आणि त्यांच्या सांध्यात घर्षणाच्या चकत्या अशी युक्ती काढली. एडवर्ड हार्टफर्ड यांनी ती अमेरिकेत नेली आणि 'त्रुफो-हार्टफर्ड' या जोडनावाने विकली. पुढे क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टर यांनी 'स्नबर' आणला. यात पट्टा आणि स्प्रिंग असे. गाडी खाली दबताना पट्टा सैल पडे आणि वर उसळू लागली की तिला मागे ओढून धरी. धक्का बसताना चाकाला वर जाऊ द्यावे, पण स्प्रिंग सुटताना तिला धरावे, हे मर्म त्या साध्या पट्ट्याने ओळखले होते. आजही रस्त्यावरच्या बहुतेक शॉकअपमध्ये सुटतानाचा जोर दबतानाच्या जोरापेक्षा जास्त ठेवतात.

या फॉस्टर यांनी आधी मोटारीचा एक भोंगा तयार केला होता आणि त्याला देवदूत गेब्रियलचे नाव दिले होते. तेच नाव पुढे शॉकअपवर आले. आपल्यापैकी अनेकांनी स्कूटरच्या शॉकअपवर ते वाचले असेल. गेब्रियल इंडिया ही कंपनी १९६१ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना मुंबईत मुलुंडला उभा राहिला. क्लीव्हलंडच्या भोंग्याचे नाव असे आपल्या घरापर्यंत पोचले.

तेलाचा मार्ग फ्रान्सच्याच मॉरिस हुदाय यांनी दाखवला. हेन्री फोर्ड यांच्या लाखोंनी खपलेल्या 'मॉडेल टी'ला शॉकअप नव्हतेच. १९२७ च्या डिसेंबरात 'मॉडेल ए' आली, तेव्हा मात्र हुदाय पद्धतीचे तेलाचे शॉकअप गाडीबरोबरच मिळू लागले. एके काळी श्रीमंतांची चैन असलेली वस्तू अशी सामान्य माणसाच्या गाडीत आली. पुढे १९३० नंतर आजची ओळखीची, नळीत नळी सरकणारी रचना रूढ होत गेली.

इथवर येईपर्यंत अमेरिकेत रस्ते रुंद झाले, पेट्रोल स्वस्त होते आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पिढी गाडी चालवण्याच्या वयात आली होती. जनरल मोटर्सचा नियम होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. पॉन्टिॲक विभागातले जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यातून वाट काढली. १९६४ च्या 'टेम्पेस्ट' मालिकेतील गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन त्यांनी 'जादा पर्याय' म्हणून ठेवले आणि त्या पर्यायाला जीटीओ नाव दिले. वरिष्ठांनी पाच हजार गाड्यांपुरती परवानगी दिली होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० विकल्या गेल्या. १९६६ साली जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाले आणि त्या एका वर्षात सुमारे ९७ हजार गाड्या गेल्या. 'मसल कार' म्हणजे बाहूंची गाडी. तिचे युग खऱ्या अर्थाने इथून सुरू झाले, असे मानतात.

आम्हाला महत्त्वाचे वाटते ते असे, की इंजिन ३२५ अश्वशक्तीचे झाले, पण खालचा सांगाडा मुळात घरगुती गाडीचाच राहिला. जीटीओला थोड्या कडक स्प्रिंगा आणि कडक शॉकअप मिळत, पण ब्रेक ड्रमचेच होते. जाहिरातीत घोडे मोजले जात. लगामाबद्दल बोलायला कोणाला सवड नव्हती.

ही उणीव मग रस्त्यावर दिसू लागली. १९६७ साली शेव्हरोलेची 'कमॅरो' आली. तिच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे एकेकच पाटा होता. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की मागचा आडवा दांडा स्वतःभोवती पिळला जाई, पाटा नागमोडी वाके, सुटे, पुन्हा वाके, आणि चाके रस्त्यावर चेंडूसारखी आपटत. १९६८ साली कंपनीने उपाय केला तो शॉकअपच्या जागेचा. मागचा एक शॉकअप दांड्याच्या पुढे आणि दुसरा मागे. आता दांडा कुठल्याही दिशेने पिळू लागला की एक ना एक शॉकअप त्याला अडवी. फोर्डनेही मस्टँगच्या ताकदवान, हाताने गिअर टाकायच्या गाड्यांना हीच मांडणी दिली. इंजिनाला हात न लावता, केवळ नळीची जागा बदलून गाडी माणसात आली.

दुसरा मार्ग कॅरोल शेल्बी यांचा. त्यांनी १९६५ साली मस्टँगवरून 'जीटी ३५०' तयार केली, तेव्हा इंजिन ३०६ अश्वशक्तीचे केलेच, पण पुढचे सस्पेन्शन खाली उतरवले आणि चारही चाकांना हॉलंडचे 'कोनी' शॉकअप बसवले. या कोनी कंपनीची सुरुवात १८५७ साली घोडागाडीचे साज बनवण्यापासून झाली होती. ज्यांनी खऱ्या घोड्यांचे लगाम केले, त्यांच्याच वारसांकडे लोखंडी घोड्यांचा लगाम आला. त्या शॉकअपचा विशेष असा, की तो काढून, पूर्ण दाबून, आतला भाग फिरवला की सुटतानाचा जोर वाढवता येतो. नळी जुनी झाली तरी ती पुन्हा ताठ करता येते.

तिसरा मार्ग तरुणांनी शोधला आणि तो फसवा होता. सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी '९०/१०' म्हणून ओळखले जाणारे पुढचे शॉकअप निघाले. ते सुटताना अगदी मोकळे आणि दबताना ताठ असतात. सुटताच गाडीचे नाक वर उठते, भार मागच्या चाकांवर जातो आणि पकड वाढते. चारशे मीटर सरळ पळायला हे उत्तम. पण रोजच्या रस्त्यावर तेच नाक प्रत्येक खळग्यानंतर उडू लागते. मागच्या बाजूला रुंद टायर बसावेत म्हणून हवेचे शॉकअप लावायची फॅशन आली. हवा भरली की गाडीचे शेपूट उंच. दिसायला रुबाबदार, पण शॉकअपचा वरचा जोड झुलणे आवरण्यासाठी केलेला असतो, गाडीचे वजन पेलण्यासाठी नव्हे.

हे युग फार टिकले नाही. विम्याचे हप्ते वाढले, १९७० साली हवा-शुद्धीचा कायदा आला आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलीसुरली हौस संपवली. पण गाड्या राहिल्या. आज त्यांना काळजीने जपणारी एक पिढी आहे, आणि आमचा भाचा त्यातलाच.

आता त्याच्या प्रश्नाकडे येऊ. बाजारात आज तीन तऱ्हा मिळतात. पहिली, नळीत नळी असलेला साधा तेलाचा शॉकअप. हा मूळ गाडीसारखा मऊ, स्वस्त आणि बाहेरून पोचा पडला तरी चालणारा. पण खडबडीत रस्त्यावर सतत चालला तर आतल्या तेलाला फेस येतो आणि जोर ओसरतो. दुसरी, त्यातच थोड्या दाबाचा वायू भरलेला. यात फेस कमी होतो. तिसरी, एकाच नळीची आणि जास्त दाबाच्या वायूची. फ्रान्सचे दे कार्बाँ यांनी ही रचना १९५० च्या दशकात सिद्ध केली आणि जर्मनीच्या बिलस्टाइनने ती मर्सिडीजसाठी मोठ्या प्रमाणात बनवली. ही लहान हालचालही चटकन ओळखते आणि लवकर थंड होते, पण महाग असते. शिवाय नळीला पोचा पडला तर दट्ट्या अडकतो.

भाचा सर्वांत महाग, शर्यतीचा शॉकअप घ्यायच्या बेतात होता. आम्ही त्याला चार प्रश्न विचारले. गाडी कशासाठी वापरणार? स्प्रिंगा मूळच्या आहेत की बदललेल्या? कारण मऊ स्प्रिंगेला फार कडक शॉकअप दिला, तर खड्ड्यानंतर ती पुरती सुटायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते. गाडी जमिनीपासून मूळच्याच उंचीवर आहे का? खाली उतरवलेल्या गाडीला मूळ लांबीचा शॉकअप दिला, तर रबरी ठोकळ्याच्या आधी दट्ट्याच तळाला आपटतो. आणि शेवटचा प्रश्न : सध्या मागे कोणते शॉकअप आहेत?

"हवेचे," तो म्हणाला. "मागच्या मालकाच्याही आधीपासून असावेत. मी तसेच नवे घालणार होतो."

"आधी टॉर्च घेऊन वरचा जोड बघ," आम्ही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो आला. जोडाजवळच्या पत्र्याला बोटभर लांब चीर होती. वर्षानुवर्षे गाडीच्या शेपटाचे वजन त्या दोन बोल्टवर टांगलेले होते. त्याच्या थोडे पुढे मागचे आसन आणि त्यावर त्याच्या चार वर्षांच्या मुलीची खुर्ची. ३००-४०० अश्वशक्तीचे इंजिन त्याने चकाचक केले होते, पण ही चीर त्याने पाहिली नव्हती. फोनवर दोघेही थोडा वेळ गप्प होतो.

मग पुढचे काम क्रमाने झाले. पत्रा जाणकाराकडून जोडून घेतला, दमलेल्या मागच्या स्प्रिंगा बदलल्या. शेपूट मूळ उंचीवर आले. शॉकअप चारही एकदम बदलले, रस्त्यावर चालवायचे, सुटतानाचा जोर कमी-जास्त करता येणारे, आणि सुरुवातीला अगदी मवाळ बाजूला लावलेले. खर्च शर्यतीच्या शॉकअपपेक्षा कमीच आला. दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघते. १९९५ पासूनचा हा प्रघात. १९६० च्या दशकात याच रस्त्यावर तरुण पोरे शर्यती लावत. यंदा भाचा त्या फेरीत गेला, आणि शेजारचे ते वृद्ध गृहस्थ त्याच्या शेजारी बसले होते.

आपल्या वडोदऱ्यातही २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले होते. अशा ठिकाणी सगळे बॉनेट उघडून इंजिन पाहतात. आम्ही आता खाली वाकून शॉकअपही पाहतो. आपल्या घरच्या गाडीचेही तसेच एकदा पाहावे. तेलाचा ओघळ दिसला, किंवा कोपऱ्यावर जोर देऊन दाबल्यावर गाडी एकाहून जास्त वेळा झुलली, तर मेकॅनिकला दाखवावी, आणि शॉकअप बदलायचे तर एका दांड्यावरचे दोन्ही बदलावेत.

यंदा मंडळाच्या कार्यकारिणीने मूर्तीचा टेम्पो ठरवण्याचे काम आमच्याकडे दिले आहे. आम्ही तो आधी खालून पाहून मगच ठरवला. गणपती बाप्पा मोरया!