शरीरांतील मोडतोड आणि स्मृति

शरीर ही एकदां बांधून पुरी झालेली इमारत असून अन्न हें मुख्यतः तिच्यांतील चुलीचें सर्पण होय, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभीं शास्त्रज्ञांत रूढ होती. तिला जबर धक्का दिला तो रुडॉल्फ शोनहायमर यांनीं. नाझी राजवट येतांच १९३३ सालीं जर्मनी सोडून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत आले. तेथें त्यांनीं जड नायट्रोजनची खूण असलेलें अन्नद्रव्य पूर्ण वाढलेल्या उंदरांस चारलें. १९३९ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विलक्षण होता : निम्म्याहून अधिक खुणेचा नायट्रोजन शरीरांतील प्रथिनांत जाऊन बसला होता, आणि उंदरांचें वजन तर वाढलें नव्हतें! जितकें नवें आंत आलें, तितकेंच जुनें निघालें होतें.

हें जुनें काढतो कोण? १९५३ सालीं मेल्व्हिन सिम्प्सन यांना यकृतावरील प्रयोगांत आढळलें कीं, प्रथिनें मोडण्यासहि शक्ति खर्चावी लागते. घर पडावयास खर्च नाहीं, पाडावयास आहे. अर्थात् ही मोडतोड आपोआप होणारी नव्हे. १९८० च्या सुमारास हर्श्को, चिखानोव्हर व रोझ यांनीं तिचें रहस्य उलगडलें. जंगलांत तोडावयाच्या झाडावर आधीं खूण करतात, त्याप्रमाणें टाकाऊ प्रथिनास ‘युबिक्विटिन’ नांवाचें चिमुकलें प्रथिन चिकटविलें जातें. मग त्याचे तुकडे होऊन ते नव्या बांधणीस लागतात. या शोधास २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मेंदूंत ही खूण चुकली तर काय अनर्थ होतो, हें एका जुन्या टिपणानें दाखविलें. १९६५ सालीं इंग्लंडांतील बालवैद्य हॅरी एंजेलमन यांनीं तीन मुलांची हकीकत लिहिली. तीं वारंवार हंसत, चालतांना डळमळत. वाचा मात्र फुटली नव्हती. १९९७ सालीं या व्याधीचें मूळ सांपडलें : युबिक्विटिनची खूण लावणाऱ्या एका प्रथिनाचें जनुक बिघडलेलें होतें. मज्जापेशींत या जनुकाची पित्याकडील प्रत मूक असते. मातेकडील बिघडली कीं आधारच तुटतो. पुढच्याच वर्षीं हेंच जनुक बिघडविलेल्या उंदरांचीहि शिकण्याची शक्ति उणी दिसली.

येथें वाचकांच्या मनांत शंका येईल : मेंदूंतील द्रव्य सतत बदलतें, तर बालपणची आठवण म्हातारपणीं कशी उरते? १९८४ सालीं फ्रान्सिस क्रिक यांनीं हाच प्रश्न मांडून सुचविलें कीं, रेणु एकाच वेळीं न बदलतां एकेक करून बदलत असावेत, व राहिलेले नव्यास जागेवर बसवीत असावेत. पहारेकरी पाळीपाळीनें बदलतात, पहारा उठत नाहीं. टिकणें म्हणजे न बदलणें, ही आपली जुनी कल्पना निदान मेंदूपुरती तरी सोडावी लागेल.