पायांना लागलेलं वळण

डॉ. प्रकाश आमटे यांचा जन्म 1948चा. पुढच्या दोन-तीन वर्षांतच त्यांचे वडील बाबा आमटे कुष्ठरुग्णांना सोबत घेऊन वरोऱ्याच्या खडकाळ माळावर आनंदवन उभारायला विहीर खोदू लागले. विकास आणि प्रकाश ही भावंडं आनंदवनातल्या या खोदण्या-पेरण्याच्या धबडग्यातच वाढली. 23 डिसेंबर 1973ला गडचिरोलीच्या जंगलातल्या हेमलकशात आदिवासींसाठीचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथे वीज नव्हती, धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात नाले फुगले की जगाशी संबंध तुटायचा. तिथे प्रकाश आमटे टिकले यामागे ध्येयवाद आहेच; पण आनंदवनातल्या लहानपणाचा वाटा कुणी फारसा मोजत नाही.

हेमलकशाच्या दवाखान्यात माडिया आदिवासी आजाऱ्याला खाटेवर घालून, ती खांद्यावर घेऊन, मैलोन्‌मैल जंगल तुडवत यायचे. चालण्याची ही ताकद त्यांनीही लहानपणीच कमावलेली होती. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि ऊन चढायच्या आत तो वेचावा लागतो. आईमागून पोरं उकिडवी सरकत टोपली भरतात आणि ओझं घेऊन घर गाठतात. मे महिन्यात तेंदूपानं, पावसाळ्यात मासे, सणाला रात्रभर रेला नाच. व्यायाम म्हणून वेगळं काही करावंच लागत नाही.

या कष्टांचं कौतुक मात्र जपूनच करावं. त्याच जंगलात मलेरिया आणि कुपोषणानं मुलं दगावत होती.

1976मध्ये प्रकल्पाची आश्रमशाळा सुरू झाली. आमट्यांची मुलं, दिगंत आणि अनिकेत, पुढे तिथेच माडिया मुलांबरोबर शिकली. मोठेपणी दोघंही प्रकल्पाच्याच कामाला लागले. दिगंत डॉक्टर होऊन परतले.

लहानपणी लागलेली हालचालीची सवय मोठेपणी टिकते का? फिनलंडमध्ये 1980पासून हजारो मुलांचा पुढे अनेक वर्षं माग ठेवला गेला. शाळकरी वयात सलग काही वर्षं खेळती राहिलेली मुलं मोठेपणीही हालती-फिरती राहण्याची शक्यता जास्त दिसली. म्हणजे खरं महत्त्व सातत्याला. आपल्याकडे पीटीचा तास गणिताला दिला जातो, तेव्हा नेमकं तेच तुटतं.

मे 2018मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'नं त्यांना प्रशिक्षण दिलं होतं. ते प्रशिक्षण कसून झालं हे खरंच, पण चालण्याचा सराव त्यांना आधीपासूनच होता.