बोरघाटाच्या काचेवरची माणसे

बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. १८५९ मध्ये नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरला आणि थोड्याच दिवसांत वारला. कंत्राट त्याची पत्नी ॲलिस हिने पुढे चालवले. या कामाची छायाचित्रेही तिच्याच नावाने ओळखली जातात. त्यांत कडे, पूल, बोगदे ठसठशीत. माणसे मात्र उंचीचे माप दाखवण्यापुरती, मुंगीएवढी.

म्हणून ही चित्रे म्हणजे निव्वळ साहेबी पराक्रमाची जाहिरात, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. त्या काळी काचेवरचे रसायन ओले असेतोवरच चित्र टिपून धुवावे लागे, त्यासाठी काळोखा तंबू सोबत वागवावा लागे, आणि हलणारा माणूस पुसट होई. पहार मारणारा हात तिथे उमटणे अवघडच होते. पण फोडलेला कातळ उमटला, आणि तो त्याच हातांची साक्ष आहे. १८६१ मध्ये घाटात ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. पटकीने त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा बळी घेतला. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. मावळातल्या शाळांनी ही चित्रे भिंतीवर जरूर लावावीत, पण खाली ट्रेडवेल या नावाशेजारी ४२,००० हा आकडाही लिहावा.