खंडित व्यायाम आणि खंडित उपवास : स्थूलतेवरील दोन उपायांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वजन घटविण्यासाठी अतितीव्र खंडित व्यायाम अधिक उपयुक्त की खंडित उपवास, हा प्रश्न गेल्या दीड दशकात वैद्यकीय नियतकालिकांतून आणि व्यायामशाळांतून सारख्याच आग्रहाने विचारला जात आहे. या मांडणीत दोन्ही पद्धती स्थूलतेच्या उपचारासाठीच जन्माला आल्या असे गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती तशी नाही. एकीचा उगम धावपटूंच्या सरावात व हृदयाच्या अभ्यासात आहे. दुसरीचा उपासमारीच्या शरीरशास्त्रात व प्रयोगशाळेतील उंदरांवरील निरीक्षणांत. स्थूल प्रौढ व्यक्ती या दोन्ही इतिहासांत उशिरा आली आणि तिला यश मोजण्याच्या जुन्याच पट्ट्या लावण्यात आल्या. त्या पट्ट्या कोणत्या होत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धावपट्टीवरून प्रयोगशाळेकडे

१९३० च्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयरोगतज्ज्ञ हान्स राइंडेल यांनी खंडित सरावाला शास्त्रीय रूप दिले. धावपटूने नाडीचे ठोके मिनिटाला सुमारे १८० पर्यंत नेईल असे छोटे अंतर वेगाने धावावे आणि ते दीड मिनिटाच्या आत १२० पर्यंत उतरल्यावर पुन्हा धावावे, असा हा क्रम होता. हृदयाची वाढ धावताना नव्हे तर या मधल्या विश्रांतीत होते, अशी त्यांची धारणा होती. ‘इंटरव्हल’ हे नाव मुळात त्या विश्रांतीचे आहे, ही गोष्ट आज बहुधा विसरली गेली आहे. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले. तो विक्रम १९५५ पर्यंत अबाधित राहिला.

हीच पद्धत पुढे प्रयोगशाळेत गेली, तरी प्रयोगास बसणारी माणसे बदलली नाहीत. इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या प्रसिद्ध प्रयोगात २० सेकंद पराकाष्ठेचा श्रम व १० सेकंद विश्रांती अशी सात-आठ आवर्तने होती आणि ती करणारे शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी होते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले की, दोन आठवड्यांत एकूण अडीच तासांच्या खंडित व्यायामाने स्नायूंत घडणारे बदल साडेदहा तासांच्या सलग व्यायामाच्या तोडीचे असतात. तेथेही सहभागी तरुण, सक्रिय पुरुषच होते. मोजले गेले ते प्राणवायूचा वापर, स्नायूंची क्षमता आणि वाचलेला वेळ. वजन हा या परंपरेचा मुख्य प्रश्न नव्हता.

उपासमारीपासून उपचारापर्यंत

मराठी वाचकाला ‘उपवास’ म्हटले की साबुदाण्याची खिचडी आठवते आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हणही. येथे अभिप्रेत उपवास म्हणजे ठरावीक काळ अन्न पूर्णतः किंवा बव्हंशी वर्ज्य करणे होय. १९१२ मध्ये फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी बोस्टनच्या पोषण प्रयोगशाळेत एका माणसाच्या ३१ दिवसांच्या निराहाराचे काटेकोर मापन केले. माणूस अन्नावाचून कसा तगतो, हा तेथे प्रश्न होता. १९४६ मध्ये शिकागो विद्यापीठातील कार्लसन व होल्झेल यांनी उंदरांना दर दोन, तीन वा चार दिवसांतून एक दिवस उपाशी ठेवले. त्यांचा प्रश्न आयुर्मानाचा होता. दर तिसऱ्या दिवशीचा उपवास सर्वांत लाभदायक ठरला.

स्थूलतेवर उपाय म्हणून संपूर्ण उपवास रुग्णालयांत रूढ झाला तो १९५९ नंतर. ‘खंडित उपवास’ हा शब्दप्रयोग १९६३ मध्ये फिलाडेल्फियाच्या गारफील्ड डंकन यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच आढळतो. या काळातील आकडे थक्क करणारे आहेत. डंडी येथील एका तरुण रुग्णाने ३८२ दिवस अन्न घेतले नाही. त्याचे वजन सुमारे २०७ किलोवरून ८२ किलोवर आले आणि पाच वर्षांनंतरही ते ८९ किलोच्या आसपास होते. परंतु याच दशकातील दुसरी नोंद अधिक बोलकी आहे. १९६९ मध्ये ‘लॅन्सेट’ने दीर्घ उपवासानंतर मृत्यू पावलेल्या २० वर्षांच्या तरुणीचा वृत्तान्त छापला; तिच्या हृदयाच्या स्नायुतंतूंचे तुकडे झाले होते. वजनकाट्याने जे यश म्हणून नोंदविले असते, त्याच्या मागे हृदयाचा ऱ्हास दडलेला होता. संपूर्ण उपवास मागे पडला तो अशा मृत्यूंमुळे. आजचा सौम्य, खंडित उपवास या अनुभवानंतरचा आहे, हे त्याच्या प्रचारात क्वचितच सांगितले जाते.

एकत्र आलेले दोन प्रवाह

२०१२ मध्ये बीबीसीच्या ‘होरायझन’ मालिकेत मायकेल मोस्ली यांनी फेब्रुवारीत अल्पकालीन तीव्र व्यायाम आणि ऑगस्टमध्ये खंडित उपवास यांवर कार्यक्रम सादर केले. वेळेची बचत व सोपेपणा ही दोहोंची समान जाहिरात ठरली. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धती लोकप्रिय केली. तिच्या जोडीला ४५ मिनिटे चालणे आहे, तीव्र व्यायाम नव्हे, हे लक्षणीय.

नियंत्रित प्रयोगांनी मात्र उत्साहाला आवर घातला. शिकागो येथील २०१७ च्या प्रयोगात १०० स्थूल व्यक्तींपैकी दिवसाआड उपवास करणाऱ्या गटाचे वजन वर्षभरात ६.० टक्के, तर रोज थोडे कमी खाणाऱ्या गटाचे ५.३ टक्के घटले. हा फरक अर्थपूर्ण नव्हता. प्रयोग सोडून जाणारे उपवासाच्या गटात ३८ टक्के होते, दुसऱ्यात २९. व्यायामाच्या बाजूलाही चित्र फारसे निराळे नाही. अनेक प्रयोगांच्या २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात खंडित व सलग व्यायामाने चरबीत होणारी घट सारखीच आढळली. खंडित व्यायामाला सुमारे ४० टक्के कमी वेळ लागला, इतकेच.

या दोहोंची समोरासमोर तुलना नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. अतिरिक्त वजनाच्या वा स्थूल अशा १३१ स्त्रियांचे चार गट करण्यात आले : दहा तासांच्या आत आहार, आठवड्यातून तीनदा तीव्र खंडित व्यायाम, दोन्ही एकत्र, आणि कोणताही बदल नसलेला गट. संशोधकांची मुख्य पट्टी ग्लुकोज-चाचणीतील रक्तशर्करेची होती आणि तीवर एकही गट सरस ठरला नाही. एकूण चरबी व पोटाच्या आतील चरबी मोजली तेव्हा मात्र दोन्ही उपाय एकत्र करणाऱ्या स्त्रियांना कोणत्याही एकट्या उपायापेक्षा अधिक लाभ झाल्याचे दिसले; त्यांच्या दीर्घकालीन रक्तशर्करेच्या निर्देशांकातही सुधारणा झाली. बहुतेक सहभागींनी नियम पाळले, अशीही नोंद आहे. हा प्रयोग ७ आठवड्यांचा होता. शिकागोतील गळती मोजली गेली ती १२ महिन्यांची.