वंशावळीत पणजीचं नाव शोधताना



गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या तळवड्यात, चिखलीत, देहूच्या बाजूला आणि तिकडे चाकण-खेडपर्यंत घरोघरी जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. कुणाला कुणबी नोंद शोधायची होती, कुणाकडे वाटणीचा विषय निघाला होता, तर कुणाच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं. तलाठी कार्यालयात जाऊन लोकांनी पणजोबा-खापरपणजोबांची नावं शोधून काढली आणि त्यांची वंशावळ कागदावर मांडली. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, की आम्ही एकच प्रश्न विचारतो. तुमच्या पणजीचं नाव काय होतं? पणजोबांचं नाव बहुतेकजणींना सांगता येतं. पणजीचं विचारलं की सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडं बघतात.

ह्यात बायांच्या विसरभोळेपणाचा काही संबंध नाही. वंशावळ कशासाठी मांडली जायची ते बघितलं, की पणजी कुठं गळाली ते कळतं. वंशावळ मांडली जायची ती जमिनीसाठी. आपल्या शेजारचं चिंचवडचं देव घराणं घ्या. मोरया गोसावी, त्यांचे पुत्र चिंतामणी, त्यांचे पुत्र नारायण, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची माळ लोकांना तोंडपाठ असते. ह्या घराण्याला गावंच्या गावं इनाम होती. इंग्रजांचं राज्य आलं आणि १८५२ सालच्या कायद्यानं इनाम कमिशनला इनामं तपासण्याचे अधिकार मिळाले. हे इनाम तुम्हाला कुणी दिलं, सनद कुठं आहे, मूळ इनामदाराचे तुम्ही कोण लागता, अशी विचारणा साऱ्या इनामदारांकडं सुरू झाली. मग कैफियती लिहिल्या गेल्या, वंशावळी जोडल्या गेल्या. असे ढीगभर कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत, बरेचसे मोडीत. लॉरेन्स प्रेस्टन नावाच्या अभ्यासकानं ह्या देव घराण्यावर १९८९ साली इंग्रजीत एक अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे सरकारला जो हिशेब लागत होता तो बापाकडून मुलाकडं जाणाऱ्या हक्काचा होता. त्यात आई, बायको, लेक लिहायची कुणाला गरजच पडली नाही.

आता ज्यांच्याकडं गावं इनाम नव्हती, अशा एका घराची गोष्ट सांगतो. ते घर सगळ्यांच्या माहितीचं आहे, पण कागदाच्या अंगानं त्याच्याकडं आपण सहसा बघत नाही. ते घर म्हणजे महात्मा जोतीराव फुल्यांचं.

ह्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. चरित्रकार सांगतात, की जोतीरावांचे पणजोबा तिथले चौगुले होते. गावच्या कुलकर्ण्याशी वैर झालं, प्रकरण खुनापर्यंत गेलं आणि ते गाव सोडून पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आले. त्यांचा मुलगा शेटीबा पुढं पुण्यात आला. शेटीबाला तीन मुलगे, राणोजी, कृष्णा आणि गोविंद. तिघंही फुलांच्या कामात तरबेज झाले. पेशव्यांच्या वाड्यात त्यांची फुलं जाऊ लागली, ३५ एकर जमीन इनाम मिळाली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. पण इनाम मिळालं तरी थोरल्या राणोजीनं ते सगळं आपल्याकडं घेतलं आणि धाकट्या दोघा भावांना बाहेरचा रस्ता धरावा लागला. जमीन तिघांच्या कामाची आणि कब्जा एकाचा. असं आपल्या गावात कुणाचं झालंय का, ते तुम्हीच आठवून बघा.

धाकटा गोविंद म्हणजे जोतीरावांचे वडील. त्यांची बायको चिमणाबाई, झगडे पाटलांची लेक. जोतीराव जेमतेम वर्षाचे असताना त्या वारल्या. जोतीरावांना सांभाळलं सगुणाबाई क्षीरसागर ह्या मावसबहिणीनं. त्या स्वतः विधवा होत्या. ह्या पोराला शिकवलं पाहिजे हे मनावर घेणाऱ्यांत त्या होत्या. आता फुल्यांची वंशावळ काढा. शेटीबा, गोविंदराव, जोतीराव. सगुणाबाई त्यात कुठंच बसत नाहीत. त्या ना फुले, ना वारस. ज्या बाईनं मूल वाढवलं तिला वंशावळीत रकानाच नाही. म्हणून आम्ही गटातल्या बायांना सांगतो, सरकारी वंशावळ सरकारला द्या, पण घरातल्या वहीत दुसरी एक लिहून ठेवा.

जोतीराव आणि सावित्रीबाईंचं लग्न १८४० सालचं. त्यांना मूल झालं नाही. दुसरं लग्न कर म्हणून जोतीरावांच्या मागं घरचे लागले, पण त्यांनी ते केलं नाही. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं गुपचूप आणि सुखरूप व्हावीत म्हणून ह्या दोघांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथं काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला १८७४ साली मुलगा झाला. तो ह्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत.

आता कायद्याची गोष्ट जरा सावकाश ऐका, कारण सगळा पेच इथंच आहे. तेव्हाची कोर्टं जो हिंदू कायदा मानत होती, त्यात दत्तक मुलगा आपल्याच जातीतला असावा लागे. माळ्याच्या घरात ब्राह्मण विधवेचं पोर, म्हणजे उद्या कुणीही उठून म्हणू शकत होतं, की हे दत्तकविधानच खोटं. आणि मुलगा नाही असं ठरलं तर विधवेचं काय? घर एकत्र असेल तर तिला फक्त अन्नवस्त्र. घर विभक्त असेल तर नवऱ्याची मिळकत तिच्याकडं यायची, पण हयातीपुरती. तिनं ती खावी, राहावं, पण गरज दाखवल्याशिवाय विकायची नाही, आणि ती गेली की मिळकत पुन्हा नवऱ्याच्या भावकीकडं. म्हणजे सावित्रीबाईंनी आयुष्यभर बरोबरीनं संसार केला, शाळा चालवल्या, तरी शेवटी घर भाऊबंदांचंच झालं असतं.

ह्याला उपाय एकच होता. स्वकमाईची मिळकत माणूस मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकत होता. जोतीराव कंत्राटदार होते, मांजरीला त्यांची शेती होती, त्यांना कागदाची किंमत कळत होती. १० जुलै १८८७ रोजी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि त्याच महिन्यात हवेलीच्या दुय्यम निबंधकाकडं त्याची नोंद केली. हवेली म्हणजे आपलाच तालुका बरं का. तळवड्याची खरेदीखतं जिथं होतात त्याच हवेलीच्या दप्तरातला हा कागद.

त्यात काय आहे? मिळकत सावित्रीबाई आणि यशवंत यांची; भाऊबंदांची नाही. यशवंत तेव्हा १३ वर्षांचा. तो पुढं नालायक निघाला तर सावित्रीबाईंनी माळी, कुणबी, धनगर वगैरे समाजांतला एखादा लायक मुलगा बघावा, अशीही तजवीज आहे. आम्हाला ह्या कागदात सगळ्यात मोठी वाटते ती हीच गोष्ट. वारस कोण, हे ठरवण्याचं काम एका बाईकडं दिलं आहे. आणि रक्ताच्या नात्यापेक्षा लायकीला वर ठेवलं आहे. आपल्या देहाला अग्नी न देता मिठात पुरावं, असंही त्यांनी त्यात लिहिलं होतं.

पुढच्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही, म्हणून दहनच करावं लागलं. आणि तिरडी उचलायच्या वेळी वाद निघाला, की टिटवं कुणी धरायचं? आपल्याकडं टिटवं धरतो तो वारस. म्हणजे वाद मडक्याचा दिसत असला तरी होता घरादाराचा. यशवंतनं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या पुढं चालू लागल्या. १८९० साली पुण्याच्या रस्त्यावरून एक बाई नवऱ्याचं टिटवं घेऊन चालली आहे, हे डोळ्यांसमोर आणा. आम्ही ही गोष्ट सांगतो तेव्हा बाया धैर्याचं बोलतात, ते बरोबरच आहे. पण त्या धैर्यामागं तीन वर्षांपूर्वी नोंदवलेला कागद उभा होता, हेही आम्ही सांगतो. यशवंत पुढं डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळ त्यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या.

आता आपल्या सातबाराकडं येऊ. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला १९०३ साली. तिथून फेरफार मिळू लागतात. जुना फेरफार हाती आला तर त्यात बाई कुठं सापडते ते नीट बघा. एक, 'अ.पा.क.' ह्या तीन अक्षरांपाशी. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नवरा मेला, पोरं लहान, म्हणून पोरांच्या नावापुढं आईचं नाव. पोरं सज्ञान झाली की पुढच्या फेरफाराला तिचं नाव जातं. दोन, 'इतर हक्क' ह्या रकान्यात. तिथं बहिणींची नावं बसवायची पद्धत होती. आणि 'ए.कु.मॅ.' असं दिसलं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, तर समजा की थोरल्या भावाचं एकट्याचं नाव आहे आणि बाकीची भावंडं त्याच्या आड आहेत. आपला राणोजी तो हाच! मैत्रिणींनो, पणजी शोधायची तर ह्याच तीन जागा आधी बघाव्या लागतात. चौथी जागा म्हणजे गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत.

कायदा हळूहळू सरकला. १९३७ साली विधवेला हिस्सा मिळाला, पण पुन्हा हयातीपुरताच. १९५६ च्या वारसा कायद्यानं ती पूर्ण मालक झाली. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलासारखा हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क लेकीला जन्मानंच आहे, २००५ साली वडील जिवंत असण्याची अट नाही. आपल्या चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करणारे शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, की नवऱ्यानं आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करावी. पुष्कळ गावांत शेतकऱ्यांनी ती केली. १९९२ साली सरकारनंही परिपत्रक काढून बायकोचं नाव सातबाराला लावायची वाट मोकळी केली. आंबेठाण इथून हाकेच्या अंतरावर, पण आपल्या भागात भाव वाढत गेले तशी ही वाट पुसट झाली, असं आमचं मत आहे. जमीन लाखात होती तेव्हा बहिणीला साडीचोळी होती. कोटीत गेली तेव्हा तिच्यापुढं हक्कसोडपत्र आलं. सही करायची की नाही हा ज्या त्या बाईचा प्रश्न आहे. माहेर तुटायची भीती काय असते ते आम्हालाही कळतं. पण नोंदवलेलं हक्कसोडपत्र 'नंतर बघू' म्हणून मागं घेता येत नाही, हे सही करण्याआधी माहीत असावं.

मृत्युपत्राबद्दल बाया नेहमी विचारतात, म्हणून तेही सांगतो. त्याला स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार लागतात. नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी. जोतीरावांनाही सक्ती नव्हती. हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. नोंदवलेली मृत्युपत्रं निबंधकाकडं तीन नंबरच्या पुस्तकात असतात. करणारा हयात आहे तोवर नक्कल त्यालाच मिळते, तो गेल्यावर मृत्यूचा दाखला जोडून मागणाऱ्या कुणालाही मिळते. तेव्हा 'सासऱ्यांनी काही लिहून ठेवलंय म्हणे' अशी कुजबुज असेल, तर रीतसर अर्ज करून बघता येतं. आणि मृत्युपत्र बाईलाही करता येतं. स्वतःच्या नावावर एक गुंठा असो, दोन तोळे असोत की गटाच्या खात्यातली बचत असो.

आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहावं लागतं. पणतीला आपलं नाव शोधायला कोतवाल बुक चाळावं लागणार नाही, एवढी सोय झाली.

पुढच्या बैठकीला येताना घरचा सातबारा, आठ-अ आणि जुन्यात जुना फेरफार मिळाला तर तो घेऊन या. मोडी कागद असतील तर मूळ आणू नका, मोबाईलवर फोटो काढून आणा. सोबत माहेर आणि सासर दोन्हीकडच्या आज्या-पणज्यांची नावं म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहून आणा, कोणत्या गावच्या आणि माहेरचं आडनाव काय हेही विचारा. लवकर विचारा, कारण ती सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.